सेलमची ती भाकरी

फेब्रुवारी १६९२. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतले सेलम खेडे. तिथले धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची ९ वर्षांची मुलगी आणि नात्यातली एक पोर किंचाळत, हातपाय वेडेवाकडे करत. औषधे झाली, उपास-प्रार्थना झाल्या, गुण येईना.

तेव्हा मेरी सिब्ली या शेजारणीने तोडगा सांगितला. राय नावाच्या धान्याच्या पिठात मुलींची लघवी कालवायची, भाकरी निखाऱ्यात भाजून कुत्र्याला घालायची. करणी कोणाची ते कळते! पॅरिस यांच्या घरच्या गुलाम जोडप्याने, जॉन आणि टिटुबाने, ती भाजली.

हे प्युरिटन म्हणजे कडवे प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचे पवित्र पाणी, भूत उतरवण्याचे विधी त्यांनी बाद केले होते. भीती मात्र बाद झाली नव्हती. रविवारी प्रवचन ऐकणारी माणसेच घरी दाराला घोड्याची नाल ठोकत.

मार्चअखेर पॅरिस यांनी मेरीला भर चर्चमध्ये फैलावर घेतले : सैतानाविरुद्ध सैतानाचीच मदत? मेरी रडली, चुकले म्हणाली. मंडळींनी हात वर करून तिला क्षमा केली.

टिटुबा तोवर तुरुंगात होती, चेटकीण म्हणून. तिने कबुली दिली होती. धन्याने मारून ती वदवली, असे तिने पुढे सांगितले. त्या वर्षी १९ जण फासावर गेले. कबुलीमुळे टिटुबा वाचली, पण वर्षाहून अधिक काळ कोठडीत राहिली. तेव्हा तुरुंगखर्च कैद्याच्याच माथी असे. पॅरिस यांनी तो भरला नाही. १६९३ मध्ये दुसऱ्याच कोणी पैसे भरून तिला विकत नेले.