पेटींतून निसटलेला न्यायशास्त्रज्ञ

स्वतःच्या सोयीसाठीं मांडलेलें तत्त्व गैरसोयीच्या वेळींहि आपणांस बांधतें काय? हा प्रश्न ज्याच्या चरित्रांत पदोपदीं उभा राहतो, त्या ह्यूगो ग्रोशियस या ख्रिस्ती तत्त्वज्ञ वकिलाची ओळख वाचकांस, विशेषतः भगिनींस, करून द्यावी असें मनांत आहे.

हॉलंडांतील डेल्फ्ट येथें १५८३ सालीं त्याचा जन्म झाला. अकराव्या वर्षीं तो लायडनच्या विद्यापीठांत गेला व सोळा वर्षांचा असतांनाच वकिली करूं लागला. १६०३ सालीं डचांनीं सिंगापूरजवळ एक पोर्तुगीज जहाज पकडलें. त्या कृत्याचें समर्थन डच ईस्ट इंडिया कंपनीकरितां ग्रोशियसनें लिहिलें, व त्यांतील एक प्रकरण १६०९ सालीं ‘मुक्त सागर’ या अर्थाच्या लॅटिन नांवानें प्रसिद्ध झालें. त्या काळीं गोव्याचे पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यावरील जहाजांस ‘कार्ताझ’ नामक परवाना घ्यावयास लावीत. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नव्हे, आणि पौर्वात्य राजे ख्रिस्ती नाहींत एवढ्यावरून त्यांचें राज्य हिरावून घेतां येत नाहीं, असें ग्रोशियसनें प्रतिपादिलें. परंतु १६१३ सालीं मसाल्याच्या बेटांवरील डचांचा मक्ता राखण्यासाठीं तोच लंडनला गेला, तेव्हां इंग्रजांनीं नेमका तोच ग्रंथ पुढें केला!

पुढें स्वदेशांतील धार्मिक कलहांत त्याचा पक्ष हरला. १६१९ सालीं त्यास जन्मठेप होऊन लोवेस्टाइनच्या किल्ल्यांत कोंडण्यांत आलें. पत्नी मारिया स्वेच्छेनें त्याजबरोबर राहिली. वाचनासाठीं पुस्तकांची पेटी येत-जात असे. ती उघडून पाहण्यास पहारेकरी कंटाळले आहेत, हें त्या चतुर स्त्रीनें हेरलें. १६२१ च्या मार्च महिन्यांत तिनें पतीस पेटींत निजविलें, दासीनें ती पेटी सुखरूप बाहेर नेली, आणि मारिया मात्र मागें राहिली. तिची सुटका नंतर झाली.

पॅरिसमध्यें परागंदा असतांना, १६२५ सालीं, त्यानें युद्ध व शांतता यांच्या धर्मावरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. युरोप तेव्हां युद्धानें होरपळत होता. न्यायाचें मूळ मनुष्याच्या विवेकांत आहे. ईश्वर नाहीं असें मानण्याचें पाप कोणी केलें, तरीहि तो नियम ढळणार नाहीं, असें हा श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणतो. म्हणजे शत्रु असो वा परधर्मी, न्याय सर्वांस सारखाच. निःशस्त्रास मारूं नये, ही मनूची आज्ञा आपणांस येथें आठवेल. मात्र युद्धांतील बंदिवानांस दास करण्याची रूढि ग्रोशियसनें मान्य केली, हें न्यूनहि सांगितलें पाहिजे. १६४५ सालीं जहाज फुटून किनाऱ्यास लागल्यावर थोड्याच दिवसांत रोस्टॉक येथें तो वारला.

आमच्या घरीं वांटणीच्या वेळीं जो मुद्दा मीं धाकट्या भावापुढें मोठ्या आवेशानें मांडला, तोच कांहीं वर्षांनीं पुतण्यानें अगदीं नम्रपणें मजपुढें ठेवला. मला उत्तर सुचलें नाहीं. मीं त्याचें म्हणणें मान्य केलें. लंडनला ग्रोशियसची काय अवस्था झाली असेल, हें त्या दिवशीं मला कळलें.