भिंतीवरील काजळी

न्हाणीघराच्या छतावर काळी पुटे दिसली, की घरमालक ‘ओल आहे’ म्हणून चुना फासून मोकळा होतो. इंदुरातील एका भाडेकरू कुटुंबाचे असेच झाले. हिवाळाभर घरातील तिघांनाही आंघोळीनंतर डोकेदुखी व मळमळ होई. बाहेर पडताच आराम पडे. मी त्यांच्या घरी जाऊन तो थर पाहिला. बुरशी ओलीच्या जागी ठिपक्याठिपक्यांनी वाढते, तिला कुबट वास असतो. येथे मात्र गॅस गीझरच्या नेमकी वर, बोटाला लागणारी कोरडी काजळी होती. ज्योत निळी नव्हे, पिवळी. झरोका थंडीपायी पुठ्ठ्याने बुजवलेला.

अशी काजळी ही अपूर्ण ज्वलनाची खूण. आणि त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. रंग-गंध नसलेला हा वायू हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. साधा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिनच मोजावे लागते. गीझर न्हाणीघराबाहेर गेला, झरोका उघडला आणि डोकेदुखी थांबली.

वैद्यकबंधूंनो, हिवाळ्यातील डोकेदुखीच्या रुग्णाला एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘घरात आणखी कोणाचे डोके दुखते का?’