साथीच्या काळातील रुग्णांची वर्गवारी

इन्फ्ल्युएन्झाची साथ पसरली की रुग्णालयांच्या दारी गर्दी लोटते. त्यांतील बहुतेकांना साधा ताप-खोकला असतो, काही निव्वळ भीतीपोटी आलेले असतात, तर थोड्यांना श्वास घेणेही कठीण झालेले असते. जो आधी येईल त्याला आधी तपासावे, हा एरवीचा न्याय रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या अत्यवस्थ रुग्णाला घातक ठरू शकतो. म्हणूनच वर्गवारी आवश्यक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात या रोगाने देशातील पहिला बळी घेतला आणि तपासणीसाठी लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे तीन वर्ग ठरवून दिले.

तीन वर्ग

‘अ’ वर्गात सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेले रुग्ण येतात. त्यांनी घरीच विश्रांती घ्यावी. चाचणीची वा विषाणुरोधक औषधाची गरज नसते. ‘ब’ वर्गात तीव्र ताप व घसादुखी असलेले, तसेच लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेह, हृदयविकार, दमा यांसारखे आजार असलेले रुग्ण मोडतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना घरीच ऑसेलटॅमिव्हिर हे औषध देता येते. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्ण ‘क’ वर्गातील समजून त्याला तत्काळ दाखल करावे. त्याच्या घशातील स्रावाची तपासणी होते. मात्र अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत.

नवी मुंबईसारख्या शहरात

वाशी, तुर्भे परिसरात घाऊक बाजारातील माथाडी कामगार, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे कामगार आणि नोकरदार यांची दाट वस्ती व सततची ये-जा आहे. अशा ठिकाणी ताप-खोकल्याच्या रुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग, हवेशीर प्रतीक्षास्थान आणि दारातच श्वासाची गती मोजणारा प्रशिक्षित कर्मचारी असणे अगत्याचे आहे. अन्यथा साध्या तापाचा रुग्ण रांगेतील इतरांनाही संसर्ग देतो. २०२० मधील करोनाच्या साथीत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तात्पुरते उपचार केंद्र उभारण्यात आले होते. वर्गवारीला स्वतंत्र जागेची जोड मिळाली, तरच रुग्णालयांतील खाटा व प्राणवायू गंभीर रुग्णांसाठी राखता येतात, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

गावाची जबाबदारी

एकदा लावलेला वर्ग कायमचा नसतो. आज ‘अ’ वर्गात असलेला रुग्ण दोन दिवसांत ‘क’ वर्गात जाऊ शकतो. त्यामुळे घरी ठेवलेल्या रुग्णाची २४ ते ४८ तासांत पुन्हा विचारपूस झालीच पाहिजे. शिक्षकांनी आजारी मुलाला घरी थांबण्यास सांगावे. पंचायतीने धोक्याची लक्षणे फलकावर लावावीत आणि रात्री-अपरात्री रुग्ण नेण्यासाठी वाहनाची सोय आधीच करून ठेवावी. घरी ठेवलेला रुग्ण दुर्लक्षित राहिला नाही, तरच या वर्गवारीवर लोकांचा विश्वास बसेल.