मोटारसायकलचे मागील व पुढील स्टँड

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बांद्यास मुंबई-गोवा महामार्ग लागूनच असल्यामुळें मोटारसायकल ही वस्तु तुम्हांस नवी नाहीं. वयाचीं १८ वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत ती तुम्ही चालवूं नये. परंतु तिची साफसफाई करतांना घरच्या वडील माणसांस तुम्ही हातभार लावतां. अपघात जसा रस्त्यावर होतो तसा या कामांतही होतो, म्हणून हा लेख.

पावसाळ्यांत साखळीस चिखल लागतो. ती पुसून तेल द्यावयाचें, तर चाक अधांतरीं हवें. क्लासिक ३५० ह्या रॉयल एनफील्ड गाडीचें वजन सुमारें १९५ किलो, म्हणजे तांदळाचीं जवळजवळ चार पोतीं. कोणी तिच्याखालीं जांभ्याचा चिरा सरकवितो; पण चिऱ्याची कड ठिसूळ असते, ती भाराखालीं केव्हां तुटेल याचा नेम नाहीं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांस मागील चाकाजवळ बिजागरीचा स्टँड असे, व कित्येकांस पुढील चाकासही निराळा असे. पुढें मध्यभागीं दोन पायांचा सेंटर स्टँड आला. चाकण येथें तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांस तोही नसतो. म्हणून सुटे, चाकांचे ‘पॅडॉक स्टँड’ वापरतात. असा स्टँड ही एक तरफच होय. लांब दांडा खालीं दाबला असतां थोड्या बळानें मोठें वजन उचललें जातें.

येथें एक नियम कधींही मोडूं नये : उचलतांना आधीं मागील चाक, मग पुढील, उतरवितांना आधीं पुढील, मग मागील. याचें कारण सोपें आहे. गुरुत्वमध्य आधारांच्या मधील क्षेत्रावर असेल तोंवर वस्तु उभी राहते. मागील स्टँड गाडीच्या सांगाड्यास दोन्ही बाजूंनीं धरतो, आणि पुढील चाक जमिनीवर असतें. त्यामुळें गाडी स्थिर राहते. उलट पुढील स्टँड बहुधा फोर्कखालीं बसतो, आणि फोर्क तर हँडलाबरोबर वळणारा! मागील आधार नसतांना तो जरा वळला, कीं गाडी कलंडते.

जमीन सपाट व टणक असावी. भिजलेलें खळें किंवा सारवलेलें अंगण उपयोगाचें नाहीं. इंजिन बंद करून एकानें हँडल व पुढचा ब्रेक धरून गाडी सरळ उभी करावी. दुसऱ्यानें स्टँडच्या दोन्ही बाजू आपापल्या जागीं नीट बसल्या आहेत हें पाहून दांडा सावकाश दाबावा. पाय दांड्याखालीं ठेवूं नये. मागील स्टँड काढण्यापूर्वीं गाडीचा साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा व हँडल धरून राहावें, नाहींतर खालीं येतांच गाडी आडवी होते. आंसाचा घट्ट नट सैल करावयाचा असेल, तर तो चाकें जमिनीवर असतांनाच करावा. स्टँडवर जोर लावल्यास गाडी घसरते. आणि वर उचललेल्या गाडीवर बसूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. साखळी पुसतांना गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून चाक हातानेंच फिरवावें. इंजिन चालूं करून, गियर टाकून फिरत्या साखळीस फडकें लावणें म्हणजे बोटें गमावण्याची तयारी करणें होय. फडकें साखळी व दांतेरी चक्र यांच्यामध्यें ओढलें जातें, आणि हात मागें घेण्यास अवधीच मिळत नाहीं. या कामांत पांच मिनिटें वांचविण्यापेक्षां दहा बोटें वांचविणें अधिक शहाणपणाचें आहे. तेव्हां एकट्यानें घाई करूं नका. हँडल धरण्यास कोणी येईपर्यंत थांबा.