जाहिरात आपल्याला काय समजते?

मालिकेत जाहिराती लागल्या की उठायचं, कुकर लावायचा, दाराशी आलेल्या शेजारणीशी दोन शब्द बोलायचे आणि परत येऊन बसायचं, ही आपल्याकडची घरोघरची रीत. नियमाने तासाला बारा मिनिटं जाहिरातींना दिलेली आहेत, त्यातली दहा मालाची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. ती बारा मिनिटं आपल्या लेखी फुकट गेलेली. पण गंमत बघा, स्वयंपाकघरात पाठमोरं उभं असतानाही कानावर पहिले दोन सूर पडले की कुठल्या साबणाची जाहिरात लागलीय ते आपल्याला बरोब्बर कळतं! न बघताही जी लक्षात राहते ती जाहिरात फुकट कशी म्हणायची?

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ला. आमच्या लहानपणी एकच वाहिनी, आळीत दोन-तीनच टीव्ही आणि शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसलेली आम्ही पोरं. खरं सांगायचं तर मालिकेपेक्षा जाहिरातीच आम्हाला जास्त पाठ असत. आणि त्या सगळ्यांत मनात घर करून राहिल्या त्या ललिताजी!

साधी साडी, ठसठशीत कुंकू, नजर करारी. भाजी घेताना भाव विचारणारी, पण किडकं-सडकं हातात न घेणारी. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, एवढंच ती ठणकावून सांगायची. तेव्हा अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या 'निरमा'ने अगदी कमी भावात पावडर देऊन 'सर्फ'चं गिऱ्हाईक ओढून नेलं होतं. महाग पावडर विकायची कशी, हा कंपनीपुढचा प्रश्न. 'लिंटास' या जाहिरात संस्थेच्या अलेक पदमसींनी त्यावर ही बाई उभी केली. ही कल्पना आपल्याला आपल्या आईवरून सुचली, असं ते सांगत. भूमिका केली कविता चौधरींनी. पुढे १९८९ साली त्यांची 'उडान' ही मालिका आली आणि पोलीस अधिकारी झालेल्या मुलीच्या गोष्टीने अनेकींच्या लेकींना स्वप्नं दिली.

आज विचार करते तेव्हा वाटतं, ललिताजी का चालल्या? त्या पावडरमध्ये काय घातलंय हे सांगायला कुणी पांढरा कोट घालून आलं नव्हतं. घरात पैसा जपून वापरणाऱ्या बाईला तोवर 'चिक्कू' म्हणायचे, ललिताजींनी तिलाच शहाणी ठरवलं. आपल्या आईला, मावशीला आरशात स्वतःला बघितल्यासारखं झालं. महाग वस्तू विकण्यासाठीच ही जाहिरात होती हे खरं, पण तिने बाईची मान खाली घातली नाही.

'विको टर्मरिक'चंही तसंच. पेंढरकरांची ही मराठी कंपनी १९५२ साली मुंबईत परळला सुरू झाली. त्यांनी नवं काही शिकवलं नाही. आपल्या घरातली हळद आणि लग्नातला हळदीचा सोहळा, दोन्ही आपलंच, त्याच्या शेजारी त्यांनी आपली ट्यूब आणून ठेवली. आपली क्रीम सौंदर्यप्रसाधन नाही, हे जाहिरातीत पुन्हा पुन्हा का सांगितलं जायचं, ठाऊक आहे? ते नुसतं यमक नव्हतं. क्रीम औषधात मोडते की प्रसाधनात, यावर किती कर लागणार ते ठरत होतं आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आणि 'लिज्जत'चा तो खिदळणारा ससा! १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा पापडाचा उद्योग. त्यांच्या जाहिरातीला हसू आणलं ते आपल्या रामदास पाध्यांच्या बाहुल्याने.

या सगळ्या जाहिराती एका जातीच्या. आपल्याकडे जे आधीपासून आहे, म्हणजे आपला शहाणपणा, आपली हळद, आपलं हसू, ते घेऊन त्यांनी त्यावर माल विकला. आता दुसरी जात सांगते.

ही दुसरी जात आधी आपल्यात खोट काढते. पहिल्या दहा सेकंदांत तुमचा रंग काळा, तुमचे केस गळतात, तुमच्या फरशीवर जंतू आहेत, तुमच्या मुलाची उंची कमी. पुढच्या दहा सेकंदांत डबा किंवा बाटली. शेवटच्या दहा सेकंदांत सगळे आनंदी. तीस सेकंदांत घाबरवायचं आणि लगेच सोडवायचं! भूत दाखवायचं त्यांनीच आणि उतरवायचंही त्यांनीच.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. तिच्या एका जाहिरातीत, मुलगा असता तर बरं झालं असतं, अशी खंत करणारा बाप होता आणि क्रीम लावून उजळ झालेली मुलगी हवाई सुंदरी होऊन घराला हातभार लावत होती. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्यावर तक्रार केली आणि २००३ साली ती जाहिरात पडद्यावरून गेली. २०१४ साली आस्की या जाहिरात उद्योगाच्याच संस्थेने नियम केला, की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं किंवा लग्न न जमणारं दाखवायचं नाही. २०२०मध्ये क्रीमचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. म्हणजे नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली! आणि एवढ्या वर्षांत आपल्या गावांतल्या किती सावळ्या पोरींनी दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी महिनाभर आरसा बघितला असेल, त्याचा हिशोब कुणाकडेच नाही.

हिशोबावरून आठवलं. मी बचत गटांबरोबर काम करते. एका गटातल्या ताई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात. महिन्याची शंभर रुपयांची बचत त्या कधी चुकवत नसत, पण लागोपाठ दोन महिने थकली. आजारपण आहे का, नवऱ्याने पैसे काढून घेतले का, आम्ही हळूच विचारलं. तर तसं काही नव्हतं. दोन्ही मुलांसाठी त्या रोज दुधात घालायच्या पावडरची पाच-पाच रुपयांची पुडी आणत होत्या. रोजचे दहा म्हणजे महिन्याचे तीनशे. आणि ती पुडी चांगली लागावी म्हणून दूधही वाढवलेलं.

कुणीतरी म्हणालं, "अगं, कशाला ते नसते लाड?" तेव्हा त्या ताई जे बोलल्या ते माझ्या अजून कानात आहे. "वहिनी, जाहिरातीतली आई देती म्हणून तिचं पोरगं पयलं येतं. माझं मागं राहिलं तर मी काय सांगू त्याला, की तुझ्या आईनं पाच रुपये वाचवले?"

काय उत्तर देणार? जाहिरात बनवणाऱ्याने नेम कुठे धरलाय, ते मला त्या दिवशी कळलं. ती जाहिरात दुधाबद्दल नव्हती आणि पावडरबद्दलही नव्हती. आपण आई म्हणून कमी पडतोय की काय, ही जी धाकधूक दिवसभर राबणाऱ्या प्रत्येक बाईच्या पोटात असते, तिलाच हात घातला होता. ज्या बाईला मुलांजवळ बसून अभ्यास घ्यायला वेळ नाही, तिला पाच रुपयांत आईपण विकत मिळत होतं. अशा बाईला भोळी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मला ते पटत नाही.

मग आम्ही गटात एक उद्योग केला. बैठकीनंतर टीव्ही लावला आणि आवाज पार बंद करून नुसत्या जाहिराती बघितल्या. मैत्रिणींनो, एकदा करून बघाच! गाणं गेलं, तो काळजीचा आवाज गेला, की भीती निम्मी होते. उरतात ती नुसती चित्रं, आणि मग डोळे चौकस होतात. कुणी म्हणालं, "स्वयंपाकघर बघा केवढं, आमचं सगळं घर मावेल त्यात." एकीला दिसलं, की आई सारखी उभीच आहे आणि हसतीय. दुसरी म्हणाली, "आणि बाप बसलाय पेपर घेऊन." एका मुलीने खाली पळणारी बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, पण दोन शब्द होईतो ती गेलीसुद्धा.

नंतर आम्ही पुडीची मागची बाजू वाचली. साखर किती, प्रथिनं किती, ते तिथे छापलेलं असतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि फुटाण्यांत वीसच्या आसपास, हे शेजारी लिहून ठेवलं. बाकी कुणी काही बोललं नाही. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानेही ऑनलाइन दुकानांना कळवलं होतं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली मांडू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी काही व्याख्याच नाही. आमच्या ताई आता शेंगदाणे-गुळाचे लाडू करून ठेवतात. मुलाच्या वाढदिवसाला मात्र त्यांनी त्याच पावडरचा लहान डबा आणला. म्हणाल्या, "त्याला चव आवडती म्हणून आणला, पयलं येण्यासाठी न्हाई." मला वाटतं, हा फरक कळणं एवढंच पुरे आहे.

सगळ्या जाहिरातींना एकाच काठीने हाणायचं माझ्या मनात नाही. काहींनी आपल्या बैठकींत वर्षानुवर्षं न निघालेले विषय काढले. २०१३मध्ये 'तनिष्क'ने सावळी नवरी आणि तिची लहानगी मुलगी दाखवली, आईच्या दुसऱ्या लग्नात फेरे घेणारी. ती बघताना माझे डोळे भरून आले होते, कारण दुसऱ्या लग्नाचं नाव काढताच पहिल्या घरचं लेकरू मामाकडे ठेवून जायला सांगितलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. २०१४मध्ये 'व्हिस्पर'ने पाळीतल्या मुलीला लोणच्याच्या बरणीला हात लावायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी त्या मोहिमेला कान महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. आमच्या गटात ही जाहिरात निघाली तेव्हा सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "लोणचं नासतं ते ओल्या चमच्यानं. शिवण्यानं नासत असतं तर माझ्या घरात एक बरणी टिकली नसती!" सगळ्या जणी हसल्या, आणि त्या हसण्यात दोघी-तिघींचं बाजूला बसणं सुटलं.

'एरियल'ने २०१५मध्ये विचारलं, कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का? पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत एक बाप लेकीचा संसार बघून स्वतःच कपडे धुवायला लागतो. आणि कॅडबरीची १९९४ची ती नाचत मैदानात धावणारी मुलगी आठवते ना? २०२१मध्ये तीच जाहिरात उलटी करून आली. बॅट मुलीच्या हातात आणि नाचत धावणारा तो! दोन जाहिरातींमधली सत्तावीस वर्षं डोळ्यांसमोर उभी राहिली. विकायचं चॉकलेटच होतं, हे मी विसरलेली नाही. पण विकता विकता माझ्या भाचीच्या हातात बॅट दिली, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही.

म्हणून मी आता जाहिरात बघताना एकच प्रश्न विचारते: ही मला काय समजते? शहाणी समजते, की घाबरट? मला काही दाखवते, की माझ्यात काही कमी आहे असं सांगते? उत्तर मिळालं की पैसे खर्चायचे की नाही ते आपलं आपण ठरवावं.

जिथे सरळ खोटंच सांगितलं जातं, तिथे गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचे नियम जून २०२२मध्ये आलेत. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. आणि जादूने आजार बरे करण्याच्या जाहिरातींविरुद्ध तर १९५४पासूनच कायदा आहे.

जाता जाता, आमच्याच जाहिरातीची गोष्ट. गटाने कांदा-लसूण मसाला करायला घेतला, तर पाटीवर काय लिहायचं यावर तासभर वाद! एका तरुण मुलीने सुचवलं, 'तुमच्या भाजीला चव नाही? मग हा मसाला घ्या.' टीव्हीवर ऐकून ऐकून जमलेलं वाक्य, नेमही अचूक. पण त्या लोणच्याच्या आजी ताडकन म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या सुगरणपणाला नावं ठेवून मसाला विकायचा? ती काय मुकाट्यानं ऐकून घेईल?" शेवटी पाटीवर एवढंच लिहिलं: 'घरचा मसाला. याच आठवड्यात कुटलेला.'

बाजाराच्या दिवशी सगळी पाकिटं संपली. फक्त आता पंचाईत अशी झालीय, की पाटीवर लिहून बसलोय म्हणून दर आठवड्याला कुटावा लागतो!