विश्लेषण : डोंगरातल्या कॅम्पवर वायरलेस रिपीटर... वॅटपेक्षा केबल का महत्त्वाची?

पावसाळा आला की शनिवारी रात्रीच्या कर्जत आणि कसारा लोकल सॅकवाल्यांनी भरून जातात. घाटकोपर, मुलुंडचे ट्रेकर थेट चढतात, अंधेरी-बोरिवलीचे दादरला गाडी बदलून येतात. दरीत उतरल्यावर मोबाइलची रेंज जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच हॅम रेडिओचा परवाना असलेले काही जण सॅकमध्ये छोटा रिपीटर नेण्याचा विचार करतात. रेडिओ कोणता घ्यायचा यावर खूप चर्चा होते. अँटेना आणि केबल मात्र शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशांत घेतली जाते. गडबड नेमकी तिथेच होते.

रिपीटर नेमके काय करतो?

एका फ्रिक्वेन्सीवर आलेला आवाज ऐकून तोच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करणे, एवढेच रिपीटरचे काम. बोरिवली आणि मुलुंड यांच्यातले हवाई अंतर साधारण १२ किलोमीटर आहे. तरीही दोन्हीकडे हातातला वॉकीटॉकी घेऊन उभ्या असलेल्या दोघांना थेट बोलणे अवघड जाते, कारण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोन्ही बाजू दिसतील अशा उंचीवर तिसरा रेडिओ ठेवला, तर संभाषण जुळते.

राजमाचीचे उदाहरण घेऊ. तंबू उधेवाडीत आहेत आणि एक गट कोंढाणे लेण्यांच्या वाटेने वर येतो आहे. मधल्या कड्यामुळे दोघांचा थेट संपर्क होत नाही. श्रीवर्धनच्या माथ्यावर रिपीटर ठेवला, तर तो गावाकडेही पाहतो आणि दरीकडेही.

ही केवळ हौस नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत वीज आणि फोन एकाच वेळी गेले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात चिखलाची वाट चढून जावे लागले. अशा ठिकाणी माथा आणि पायथा यांच्यातला संपर्क फार मोलाचा असतो. कॅम्पवर रिपीटर उभारून बघणे ही त्याचीच रंगीत तालीम.

केबलमध्ये किती वॅट हरवतात?

रेडिओतून १० वॅट निघतात, पण अँटेनापर्यंत तेवढे पोहोचत नाहीत. वाटेत केबल त्यातले काही खाते आणि त्याची उष्णता होते. हा तोटा डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल तोटा म्हणजे निम्मी शक्ती गेली. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका तोटाही जास्त.

लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारी पातळ काळी केबल म्हणजे आरजी-५८. ४३५ मेगाहर्ट्झला तिच्या १० मीटरमध्ये सुमारे साडेतीन डेसिबल जातात. म्हणजे १० वॅटपैकी अँटेनाला मिळतात जेमतेम साडेचार. एलएमआर-२४० वर्गातली ६ मिलिमीटर जाडीची केबल तेवढ्याच लांबीत पावणेदोन डेसिबल घेते आणि पावणेसात वॅट पोहोचवते. बोटाएवढी जाड एलएमआर-४०० एक डेसिबलच्याही आत थांबते, आठ वॅट पोहोचतात. १४५ मेगाहर्ट्झला हेच आकडे साधारण निम्म्यावर येतात. तिथे आरजी-५८ चा तोटा दोन डेसिबलच्या आसपास असतो.

आता पाठीवरचे वजन. १० मीटर आरजी-५८ चारशे ग्रॅमच्या आत येते, एलएमआर-२४० अर्धा किलो, एलएमआर-४०० एक किलो. शेवटची केबल ताठही आहे. सतत गुंडाळून उलगडली तर तिचा आतला गाभा दगा देऊ शकतो. इमारतीच्या गच्चीवर कायमची बसवायला ती उत्तम, पण सॅकमध्ये कोंबायला नव्हे. कॅम्पसाठी मधली, २४० वर्गातली केबल योग्य. आरजी-५८ पेक्षा शंभर-दीडशे ग्रॅम जास्त उचलून दीड-दोन डेसिबल वाचत असतील, तर तो सौदा फायद्याचा आहे.

‘मग रेडिओची शक्तीच वाढवू’ असे अनेकांना वाटते. प्रसारणापुरते ते खरे. १० ऐवजी २० वॅट सोडले की केबलने खाल्लेले भरून निघते, फक्त बॅटरी मोठी घ्यावी लागते. पण रिपीटरला ऐकायचेही असते. दरीतल्या ट्रेकरच्या हातात ५ वॅटचा सेट आणि बोटभर अँटेना असतो. त्याचा क्षीण सिग्नल केबलमध्ये निम्मा झाला, तर तो परत मिळवून देणारी बॅटरी जगात नाही. केबलचा फटका जाताना बसतो तसा येतानाही बसतो. परिणामी तळावर रिपीटर खणखणीत ऐकू येतो, पण त्याला मात्र कोणीच ऐकू येत नाही.

घरातली डीटीएचची केबल चालेल?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण नाही. उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर लोंबणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असते आणि रेडिओला ५० ओहमची हवी असते. या विसंगतीने होणारा तोटा मात्र फक्त चार टक्क्यांच्या आसपास आहे. चांगल्या प्रतीच्या आरजी-६ च्या १० मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्झला साधारण दीड डेसिबल जातात, म्हणजे ती आरजी-५८ पेक्षा सरस ठरते! अडचण आहे ती जोडणीची. तिची अॅल्युमिनियमची जाळी सोल्डर घेत नाही, आणि स्वस्त केबलमध्ये ही जाळी नावापुरतीच असते. सरावासाठी वापरायला हरकत नाही.

अँटेना किती उंच, किती मोठा?

सपाटीवर रेडिओचे क्षितिज काढण्याचे सोपे सूत्र आहे : मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले ४.१, उत्तर किलोमीटरमध्ये. २ मीटरवरचा अँटेना साधारण ६ किलोमीटर ‘पाहतो’, ६ मीटरवरचा १० किलोमीटर. गडाच्या माथ्यावर निसर्गानेच शेकडो मीटर उंची दिलेली असते. तिथे झुडपांच्या आणि माथ्याच्या कडेच्या वर डोके निघेल एवढा चार-सहा मीटरचा फायबरचा दुमडता खांब पुरतो. तो लोकलच्या रॅकवर मावेल एवढा दुमडला जावा, हा निकष हसण्यावारी नेऊ नये.

अँटेनाचा गेन जास्त तेवढा चांगला, असा समज आहे. पण गेन म्हणजे फुकटची शक्ती नव्हे. भाकरी थापताना गोळा पसरतो, तसा तो पातळही होतो. लांब, उभा, पाच-सहा डेसिबल गेनचा अँटेना आपली सगळी शक्ती क्षितिजाच्या पातळीत पसरवतो. मुलुंडच्या एखाद्या गच्चीवर तो झकास. सह्याद्रीच्या कड्यावर मात्र ज्याच्याशी बोलायचे तो क्षितिजावर नसतो, तो पायाखाली हजार फूट दरीत असतो. सिग्नल त्याच्या डोक्यावरून निघून जातो. तिथे साधा पाव-तरंगाचा अँटेना बरा.

१४५ मेगाहर्ट्झसाठी त्याचा उभा रॉड साधारण ४९ सेंटिमीटरचा, ४३५ साठी साडेसोळा सेंटिमीटरचा. खाली तिरके चार रॉड दिले की झाले. ४३५ ही १४५ ची बरोबर तिप्पट असल्याने ४९ सेंटिमीटरचा रॉड दोन्हीकडे चालतो, पण वरच्या फ्रिक्वेन्सीवर त्याचा झोत आकाशाकडे वळतो. दरीसाठी छोटा रॉड वेगळा जोडलेलाच बरा.

दूरदर्शनच्या जमान्यातली चपटी दोन तारांची वायर आठवते? तिच्यापासून दीड मीटरचा गुंडाळता अँटेना बनतो. खिशात मावतो, झाडाला टांगता येतो. हिवाळ्यातल्या कॅम्पला तो झकास, पण ओला झाला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. जुलैत न्यायचा तर विजेच्या वायरिंगच्या पीव्हीसी पाइपात बंद करून न्यावा.

एक अँटेना की दोन?

एकाच वेळी ऐकायचे आणि बोलायचे, तर स्वतःच्या आवाजाने स्वतःचेच कान बधिर होणार. १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन्ही फ्रिक्वेन्सींमध्ये साधारण ६०० किलोहर्ट्झचेच अंतर ठेवतात. त्यासाठी लागणारे फिल्टरचे डबे पाठीवर वाहण्यासारखे नसतात. परदेशी संकेतस्थळांवर दिसणारे छोटे डुप्लेक्सर ५ मेगाहर्ट्झ किंवा अधिक अंतरासाठी असतात. भारतात हॅमसाठीचा वरचा पट्टा ४३४ ते ४३८, म्हणजे अवघा ४ मेगाहर्ट्झचा आहे. मागवण्याआधी हे बघावे.

पोर्टेबल वापरासाठी क्रॉसबँड हा व्यवहार्य मार्ग आहे. चढणारा गट १४५ वर, तळ ४३५ वर आणि माथ्यावर ही सोय असलेला एक ड्युअल-बँड रेडिओ. अँटेना एक, केबलही एकच. त्यामुळे ती केबल जपावी लागते.

परवाना लागतो?

हो. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅम परवाना मिळतो, वयाची अट किमान १२ वर्षे. परवाना असला तरी रिपीटर लावण्यापूर्वी विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परवानगी घ्यावी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना परवान्यातून सूट आहे, पण त्यांना मोठा अँटेना लावला की ती सूट गेली असेच धरून चालावे. ऑनलाइन दिसतो तो प्रत्येक सेट वैध असतो असेही नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल १३ प्लॅटफॉर्मना नोटिसा बजावल्या होत्या.

पावसात काय सांभाळायचे?

केबलचा खरा शत्रू पाणी. कनेक्टरमधून एकदा आत शिरले की जाळीतून मीटरभर आत झिरपते आणि चांगली केबलही आरजी-५८ पेक्षा वाईट होते. जोडावर स्वतःला चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळावा. रेडिओत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. खांबाला ताण द्यायला दोऱ्या आणि दगड पुरतात. गडाच्या तटबंदीत खिळे ठोकू नयेत. जवळून विजेच्या तारा जात असतील तर जागा बदलावी.

ढग गडगडले की केबलला हात न लावता लगेच खांबापासून दूर जायचे आणि उंचावरून खाली उतरायचे. खांब उतरवण्यासाठी थांबायचे नाही. निघण्याआधी घरीच डमी लोड आणि वॉटमीटर लावून केबलच्या दोन्ही टोकांना शक्ती मोजावी आणि आकडा केबलवरच पट्टी चिकटवून लिहावा. पुढच्या ट्रेकआधी पुन्हा मोजल्यावर तो घसरलेला दिसला, तर आधी कनेक्टर उघडून पाहावा.