क्षयावरचा आखूड उपचार

क्षयाचे नाव घेताना आपल्याकडे अजूनही आवाज खाली जातो. खरे तर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच या रोगाचा जंतू दाखवून दिला. साधा क्षय सहसा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. पण बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर चिवट जंतू उरतात, वाढतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चाले. कित्येक महिने इंजेक्शने घ्यावी लागत. त्यांनी काहींना बहिरेपण येई. रोजंदारीवरच्या माणसाने हे कसे निभावावे?

आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सॅसिन या चार औषधांच्या गोळ्यांनी हा उपचार सहा महिन्यांवर आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, तर भारत सरकारने २०२४ मध्ये तो स्वीकारला. मात्र लिनेझोलिडमुळे रक्तपेशी घटू शकतात, हातापायांना मुंग्या येऊ शकतात. म्हणून तपासण्या चुकवू नयेत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तिथे पैसे पडत नाहीत. आणि घरात कुणाला क्षय निघालाच, तर त्याचे ताट वेगळे काढण्यापेक्षा त्याची गोळी वेळेवर काढून द्यावी.